शेवटचे दोन आकडे – ४७

४ ऑगस्ट
दुकानातला कॉम्प्युटर गेला. कायमचा! दुरुस्तीवाल्याने डबा उघडला तर आत काचा घासल्याची पांढरी धूळ, बोटभर. "साहेब, सगळ्यांना चष्मे लावता, याला कधी पुसलं नाहीत?" म्हणे.
गिऱ्हाइकांचे नंबर वहीत आहेत, ते वाचले. पण माझा ईमेल? त्याचा पासवर्ड त्या डब्यालाच ठाऊक. अकरा वर्षांत मी तो एकदाही टाईप केलेला नाही.
आईचा आवाज त्यात आहे. जुना फोन टाकताना स्वतःलाच मेल करून ठेवला होता. चाळीस सेकंद. दुसरीकडे कुठेही नाही.

५ ऑगस्ट
लेकीची जन्मतारीख, दुकानाचं नाव, आईचं नाव – सगळं चूक. मग 'कोड पाठवा' तीनदा दाबलं. फोन हातात धरून बसलो, काही येईना. शेवटी हिने वाचून दाखवलं (माझा चष्मा दुकानात राहिला होता. आणि मी म्हणे चष्मेवाला!) – "अहो, कोड ४७ वर संपणाऱ्या नंबरवर जातोय."
धाकट्या भावाचा नंबर! खातं त्यानेच उघडून दिलं होतं. तेव्हा बोलत होतो आम्ही.

६ ऑगस्ट
काही केलं नाही.

८ ऑगस्ट
त्याला विचारायचं? मी?
सहा वर्षांपूर्वी तो आईला आपल्या घरी न्यायला आला. "आई काय सामान आहे, इकडून तिकडे न्यायला?" – मी ओरडलो. नको ते बोललो. माझ्या दारात पाय ठेवू नकोस, फोन करू नकोस, काय असेल ते लिहून कळव!
मग आई चार महिने अंथरुणाला खिळली, पण हा फिरकला नाही. दोन ओळींची चौकशीही नाही. आई रोज विचारायची, "धाकटा कुठाय रे?" मी म्हणायचो, त्याला सवड नाही. ती गेल्यावर आला, पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला. मी तोंड फिरवलं.
आज वाटतं, तिच्यासाठी तरी मीच फोन करायला हवा होता. माझा ताठा नडला. पण त्याचाही नडलाच की!

११ ऑगस्ट
ही म्हणाली, "नाक मुठीत धरा आणि विचारा. आईंचा आवाज हवाय ना?"
विचारलं नाही. नुसतं बटण दाबलं. मिनिटाच्या आत त्याचा मेसेज – सहा आकडे. बाकी एक अक्षर नाही.
उघडलं! "नाकावर टोचतोय रे हा चष्मा. पोरगा चष्मेवाला, आणि आईच्या नशिबी हे!" – आणि मग तिचं हसणं. सहा वेळा ऐकलं. रडलो, अगदी मोठ्याने.
धाकट्याला 'आभार' लिहायला घेतलं. खोडलं. तेव्हा दोन ओळी लिहिल्या नाहीस ना, मग मीही नाही.

१२ ऑगस्ट
लेक आली होती. नवा पासवर्ड घालून दिला, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहूनही ठेवला. मग म्हणाली, "बाबा, हा 'नको' नावाचा कप्पा अजून ठेवायचाय?"
कसला कप्पा?
"तुम्हीच नाही का म्हणालात, काकाचं काही माझ्या डोळ्यांसमोर यायला नको? मी शाळेत होते. त्याचे मेल परस्पर इथे पडतील असं करून दिलं होतं."
साफ विसरलो होतो. आत एकोणीस मेल. एकही उघडलेला नाही. लेक परत गेल्यावर बघू म्हटलं, पण हात धजला नाही.

१३ ऑगस्ट
दुकान उघडलं नाही.
पहिला मेल, आईने अंथरूण धरलं त्या आठवड्यातला – "दादा, तू म्हणालास लिहून कळव, म्हणून लिहितोय. आईला बघायला येऊ? तू हो म्हटलंस की निघतो."
शेवटचा, याच ५ ऑगस्टचा – "तीनदा कोड आला. उघडतोयस ना, दादा? मी फोन जवळच ठेवलाय."