क्रमांक ५१ गैरहजर

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

जोतीरामचा शाळेचा दाखला शोधायला आज ट्रंक उपसली. दाखला मिळाला नाही. खोका मिळाला.

चौदा वर्षांनी! जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली होता. वर रणगाड्याचं रंगीत चित्र, भोवती धूर. झाकणावर कागदाची आडवी पट्टी, पट्टीवर माझी सही आणि तारीख – ९ जानेवारी १९५९. शाळेत जप्त केलेल्या वस्तू मी अशाच बंद करून ठेवीत असे. घरच्या पोराला वेगळा नियम कशाला? खोक्याच्या तळाची कड तेवढी कसरीने खाल्ली आहे. बाकी जसाच्या तसा.

कचेरीचं तिसरं स्मरणपत्र आलं आहे. जोतीराम लढाईत बेपत्ता झाला त्याला चौदा महिने झाले. आता त्याच्या आईने – विजयमालाने, म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या भावाच्या बायकोने – कागदावर अंगठा द्यायचा, मी साक्षीदार म्हणून सही करायची, की सरकार त्याला मृत धरणार. साक्षीदाराचं वाक्य छापील आहे: ‘सदर इसम आजतागायत घरी परत आलेला नाही, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे.’ सरळ वाक्य. खरं वाक्य. नाहीतर मी सहीला तयारच झाले नसते. बड्या बड्यांच्या मुलांच्या खोट्या जन्मतारखांना मी कधी सही दिली नाही, त्यापायी दोनदा बदली झाली.

विजयमाला मात्र शाईचा पॅड दिसला की मूठ आवळते.

१३ फेब्रुवारी

कॉलेजातली माझी एक मैत्रीण इंग्लंडात स्थायिक झाली. तिने पाठवला होता हा खोका, जोतीरामसाठी. मॅट्रिकला दोन महिने उरले होते आणि पोरगा भूमिती सोडून खोक्यावरचं चित्र बघत बसलेला. उघडायच्या आधीच काढून घेतला. “परीक्षा झाली की मिळेल.” तो म्हणाला, “बरं, बाई.” घरीसुद्धा बाईच म्हणायचा. शाळेत आत्या म्हणायचं नाही अशी मी ताकीद दिली होती; ती त्याने घरीही पाळली.

परीक्षा झाली. त्याने मागितला नाही, मला आठवला नाही. दोन वर्षांनी तो पलटणीत गेला.

हा रणगाडा मी पुरा करणार आहे. तो पुरा झाला की कागदही पुरा करायचा. अर्धवट गोष्ट मला घरात चालत नाही.

१४ फेब्रुवारी

पट्टी ब्लेडने कापली. आत हिरव्या प्लास्टिकचे तुकडे, काड्यांना लगडलेले, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. पत्रकाप्रमाणे चौऱ्याहत्तर. हजेरीची एक कोरी वही पडून होती, तीत आकडे मांडले आणि एकेकाची हजेरी घेतली. त्र्याहत्तर हजर. क्रमांक ५१ गैरहजर.

५१ म्हणजे शिपाई. रणगाड्याच्या वर तोफेसकट फिरणारी घुमटी असते. तिच्या भोकातून तो कमरेपर्यंत बाहेर आलेला, एक हात वर केलेला. पत्रकावर चित्र आहे. तीनदा मोजलं. पट्टी शाबूत होती, सही माझी. कारखान्यातच राहिला असणार. कामचुकार माणसं तिकडेही असतातच.

१७ फेब्रुवारी, शनिवार

खोक्यातल्या गोंदाचा दगड झालेला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बडेसाबने कानातल्या औषधाच्या बाटलीत थिनर भरून दिलं. “थेंबच लावा बाई. जास्ती झालं की समदं पिघळतंय.” खरंच, प्लास्टिक जरासं विरघळतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. मग सुटत नाहीत. हे मला पसंत पडलं.

आज चाकं झाली, दोन्ही बाजूंची. चिमटा, नखं काढायची कात्री, वडिलांचं भिंग. हात कापत नाहीत – छप्पन्नाव्या वर्षी!

विजयमाला दारातूनच म्हणाली, “खेळन्याचं वय हाय व्हय वन्सं तुमचं?”

म्हटलं, “पुरं करण्याचं वय आहे.”

जवळ आली नाही. खोक्याकडे तर पाहिलंसुद्धा नाही.

२० फेब्रुवारी

घुमटी तयार. ती चिकटवायची नाही, नुसती बसवायची. वरच्या भोकाची दोन्ही झाकणं उघडी चिकटवली. पत्रकात तसंच आहे. तोफ कपाटाकडे करून रणगाडा टेबलावर ठेवला आणि जेवायला गेले. जेवून आले.

तोफ दाराकडे.

२१ फेब्रुवारी

आजही दाराकडे. विजयमालाला विचारलं. “मी न्हाई बा हात लावला.” तिला खोटं बोलता येत नाही. लगेच कान लाल होतात.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीस वर्षं पोरांच्या डोक्यातली भुतं झाडली, आता स्वतःच्या घरात पाळू काय?

टेबलावर पेन्सिलीने खूण केली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. भिंतीपलीकडे पार्वतम्माचे चार माग धडधडत होते. पेला ठेवून पाहिला – पाण्यावर गोल गोल लहरी! टेबल थरथरतं आहे. तासाभरात घुमटी बोटभर सरकली. दाराच्याच बाजूला.

पार्वतम्माला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. “आमचं माग चादर पण विनतंय, तुमचं तोफ पण फिरवतंय! अजून काय काम आसलं तर सांगा की बाई.”

कारण सापडलं. बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

सगळं बसलं. राहिलं ते भोक. त्यातून आत काळोख दिसतो. तळहाताएवढी वस्तू आणि एवढा काळोख! पाहत राहिलं की नजर निघत नाही. शेवटी पोस्टकार्डाची गोल चकती कापली आणि वर बसवली. संध्याकाळी चकती जमिनीवर. पंखा बंद होता. मागांनीच उडवली असणार.

२७ फेब्रुवारी

चकती पुन्हा जमिनीवर. आतून कुणी ढकलावी तशी लांब – हे लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.

१ मार्च, गुरुवार

रणगाडा झाला, आता कागद. विजयमालापुढे पॅड उघडला.

“चौदा महिने झाले. सैन्यातली माणसं मूर्ख नाहीत.”

“बगितलं का कुनी त्याला मेलेला? येकानं तरी?”

“नाही. म्हणून तर बेपत्ता लिहिलंय.”

“मग म्या कसा द्यावा अंगठा? कुनी डोळ्यानं बगितलं आसंल तर हितं म्होरं येऊन सांगू द्या. येक न्हाई, दोनी अंगठे देते.”

माझा आवाज चढला. नको ते बोलले. “मी त्याला वळण लावलं. तू जन्मभर माझ्या मागे लपवालपवी केलीस!”

तिची नजर खोक्याकडे गेली आणि परत खाली. मग पिशवी भरली. दोनच्या गाडीने भावाकडे गेली, मंद्रूपला. जाताना माठ भरून ठेवला होता.

३ मार्च, शनिवार

पार्वतम्माचं अख्खं घर लग्नाला करीमनगरकडे गेलं. दहा दिवस माग बंद. हे घर मुळात एवढं शांत आहे, हे मला माहीत नव्हतं. आपलंच घड्याळ नवीन वाटतं.

५ मार्च, सोमवार

सकाळी मंडईत गेले. निघताना तोफ कपाटाकडे. कुलूप मी लावलं, मीच काढलं. माग बंद, विजयमाला मंद्रूपला.

तोफ दाराकडे.

६ मार्च

कपाटाकडे करून समोर खुर्ची टाकून बसले. साडेदहा ते एक. तसूभर हलली नाही. माठातलं पाणी घ्यायला उठले, तेवढीच पाठ फिरली.

दाराकडे.

घाबरलेली नाही. नोंद करते आहे.

८ मार्च, गुरुवार

विजयमालाने मागितलेला माणूस आला.

सकाळी नऊला कडी वाजली. कुबडी टेकून उभा, तिशीतला, दाढी नीट राखलेली. “सलाम बाई. मोठ्या बाई म्हनत्यात त्या तुमीच न्हवं? सारी भवानी पेठ इचारत आलो.” नाव चांदसाब. अक्कलकोटकडचा. जोतीरामच्या रणगाड्याचा चालक. एक पाय गुडघ्याखाली नाही. वर्षभर पुण्याला इस्पितळात होता.

चहा नको म्हणाला. टेबलावरच्या रणगाड्याकडे पाहत किती वेळ बसला. मग बोलला. आठवतं तसं लिहिते.

“आमच्या गाडीत येक हिरवा मानूस हुता बाई. अंगठ्यायेवढा, कमरंपतुर. जोतीराम दफेदारसाहेब त्याला मेनानं म्होरं चिकटवायचे. इचारलं तर म्हनायचे, ह्यो मोठ्या बाईंच्या जप्तीतला शिपाई हाय. न सांगता आनलाय. परत जमा करायचाय, न्हाईतर बाई छडी काढतील. आमी लई हसायचो.”

मी हसले नाही. तोही नाही.

“गोळा लागला. चौघंबी उतरलो, नाल्यात पडलो. साहेबांनी मोजलं – चार. मग म्हनले, बाईंचा मानूस राहिला. मी म्हनलं, साहेब, राहू द्या की त्यो! तवर वर चढलेबी. आत गेले. भोकातनं हात वर आला. चांद, धर! म्हनले. फेकलेला मानूस मी धरला. आन् मग… गाडीच राहिली न्हाई बाई. हुडकायलाबी काय राहिलं न्हाई.”

विचारलं, वरिष्ठांना हे का सांगितलं नाहीस?

“काय सांगू? दफेदार खेळन्यापायी गेला, आसं कागदावर आलं आसतं. मी म्हनलं, धुरात दिसलं न्हाई. म्हनून त्ये बेपत्ता. पन वर्ष झालं, झोप लागंना.”

रुमालाची गाठ दाताने सोडली. आत हात वर केलेला हिरवा माणूस. एका बाजूने काळा पडलेला.

“जमा करून घ्या बाई.”

९ मार्च

बसवला. थिनरचा एक थेंब पुरला. भोकात असा चपखल गेला की आतला काळोख दिसेनासा झाला.

पट्टी न फाटता तो खोक्यातून निघाला कसा, ते मला कळत नाही. आता ते महत्त्वाचंही नाही.

जोतीराम परत करायला म्हणून आत गेला. मी काही मागत नव्हते. मला तर आठवणही नव्हती! पण बाई मागणार, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं.

विजयमालाला हे सांगितलं तर अंगठा मिळेल. आणि आपला मुलगा कुणाच्या छडीच्या धाकाने गेला, तेही कळेल. न सांगता राहता येईल. चांदसाब परत येणार नाही. उद्या ती येते आहे.

१० मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं. छडीचंही.

दारातच तिची नजर त्या हिरव्या माणसावर गेली होती. ओळखला तिने! चित्रातला ओळखावा तसा नव्हे – पाहिलेला.

ऐकून झाल्यावर ती उठली, रिकामा खोका उपडा केला आणि कसरीने खाल्लेल्या कडेवर बोट ठेवलं. “खळ हाय ही. पार्वतम्माच्या सासूकडनं आनली हुती, सुताला लावत्यात ती. खालनं उचकटलं, मानूस काढला, पुन्ना डकवलं. ट्रंकंची किल्ली म्याच दिलती, तुमच्या उशाखालची. पोरगं पलटनीला निगालं हुतं. म्हनलं, समदं न्हाई, येक तर घिऊन जा.”

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुमी छडी काढली आसती की वन्सं.”

आणि आम्ही दोघी हसलो. मोठ्याने! ती रडली ती नंतर, स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात.

दिवेलागणीला तिने स्वतःच पॅड ओढला. बोलल्याप्रमाणे दोन्ही अंगठे दिले. कचेरीला एकच लागतो.

माझी सही उद्या. आज अक्षर नीट येणार नाही.

११ मार्च, रविवार

माग बंद. दाराला आतून कडी. विजयमाला माझ्यासमोर, हातात चहाचा पेला. सहीसाठी पेन उघडलं आणि दिसलं.

तोफ दाराकडे नाही. घुमटी पूर्ण फिरली आहे – पाठ दाराला, तोंड घरात. माणसाचा वर केलेला हात आमच्याकडे. वाट पाहणाऱ्याचं तोंड दाराकडे असतं. आलेल्याचं घराकडे.

‘सदर इसम आजतागायत घरी परत आलेला नाही, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे.’

खोटी साक्ष मी आयुष्यात दिलेली नाही. कागदावरचं पेन उचललं. हजेरीची वही ओढली.

क्रमांक ५१ – हजर.