वठलेल्या तुतीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, गल्लीत 'एक्सरेबाई' या नावाने परिचित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलाने आणायचा प्रयत्न केला होता, त्याचा उल्लेख पुढे येईल. मी पूर्ण अक्कलहुशारीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हे माझे पहिलेच मृत्युपत्र, त्यामुळे आधीचे रद्द करण्याची भानगड नाही.

१. घर. माझ्या नावावरील राहते घर, पुढील बागेसह (कलम ५ मधली जागा सोडून), माझा एकुलता एक मुलगा व सून यांना निम्मे निम्मे मिळावे. बाथरूमचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. हे मुलाला तोंडी सांगून थकले, आता कायद्याने सांगते.

२. बँकेतील ठेवी. सुनेला, एकटीला. मुलगा मिळवता आहे, पण त्याच्या हाताला भोक आहे. त्याने राग मानू नये. मानलाच तर जेवण टाकू नये.

३. कॅमेरा. निवृत्तीनंतर मी घरभर येरझाऱ्या घालून सगळ्यांना हैराण केले, तेव्हा सुनेने आपला कॅमेरा माझ्या हाती देऊन मला बागेत बसवले. जन्मभर मी लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' म्हणत आले आणि लोक ऐकत. पक्षी ऐकेनात. सुरुवातीला माझ्याकडे नुसत्या फांद्यांचे फोटो जमले, ज्यांवर क्षणापूर्वी कोणीतरी बसले होते. मग उमगले की श्वास आपण रोखायचा आणि हलायचेही आपण नाही. कॅमेरा, मोठी लेन्स व ट्रायपॉड सुनेला परत. लेन्सवर फुंकर मारू नये.

४. बुलबुलांचे पाठमोरे फोटो. हे मोठे छापून आमच्या फोटोमंडळाच्या अध्यक्षांना द्यावेत. घरच्या बागेतले पक्षी म्हणजे काही खरे पक्षी नव्हेत, असे ते चारचौघांत म्हणाले होते. बुलबुलांचे उत्तर त्यांना मिळालेले बरे.

५. तुती. भिंतीलगतची जागा, तिच्यावरील वठलेल्या तुतीसह, मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना देते. मुलाला हे सहजी पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्हा दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून दोघा भावांचे वाजले. भांडण त्यांचे, अबोला मात्र आमच्या गळ्यात पडला. पुढे दोघे भाऊ गेले, मशीन गंजले, अबोला तेवढा धडधाकट राहिला. तुती वठल्यावर ती आपल्या स्वयंपाकघरावर कोसळणार, असा अर्ज जाऊबाईंनी पालिकेकडे केला. मला ते नोटीस आल्यावर कळले.

अशात सुतारपक्ष्यांची एक जोडी आली आणि ठोकाठोक करून तिने त्या खोडात घर कोरले. झाड माझे, पण घराचे दार जाऊबाईंच्या खिडकीकडे. माझ्या वाट्याला भुसा. शेवटी मी स्टुलावर चढून भिंतीवर ओणवी झाले, एक पाय स्टुलावर आणि दुसरा हवेत. तेव्हा पलीकडच्या खिडकीतून आवाज आला, "पडशील. मागच्या दारानं आत ये."

इतक्या वर्षांतले ते पहिले वाक्य. मी गेले.

मग रोज सकाळी त्यांच्या ओट्याशी बसू लागले. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनीच खिडकीच्या पडद्याला लेन्सपुरते भोक पाडले आणि उसवू नये म्हणून कडेने टाके घातले. आधी आम्ही फक्त पक्ष्यांविषयी बोलत असू: नर कामाचा आहे की नुसताच दिखाऊ, वगैरे. तिथून नवऱ्यांवर यायला वेळ लागला नाही. एकदा शिलाई मशीनचाही विषय निघाला आणि कळले की ते दोघींनाही नको होते. मला शिवता येत नव्हते आणि त्यांना हातशिलाईच आवडते. त्या दिवशी दूध उतू गेले तरी आमचे हसणे थांबेना.

पिल्ले चोची बाहेर काढू लागली आणि पालिकेची माणसे करवत घेऊन दारात आली. मी फाटकात आडवी उभी राहिले, पण त्यांच्याकडे हुकूम होता. जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या. "अर्ज माझा आहे," त्या मुकादमांना म्हणाल्या. "झाड धोक्याचं आहे असं मीच लिहिलं होतं. आता मीच मागं घेते. लिहून हवं असेल तर बसा, चहा टाकते." माणसे चहा आणि कागद दोन्ही घेऊन परत गेली. पुढे आम्ही दोघींनी मिळून झाडाला लोखंडी टेकू लावून घेतला.

बाहेरच्या खोलीतील फोटो, ज्यात पिल्लू बापाच्या चोचीतून घास घेत आहे, तो जाऊबाईंनी काढला. मी पाणी प्यायला उठले आणि त्यांनी 'सहज' बटण दाबले. हा 'सहज' त्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. फोटो त्यांनाच द्यावा.

मुलाला त्या जागेत गाडी लावायची आहे. झाड मेलेले आहे, असे त्याचे म्हणणे. सुतारांनंतर त्याच घरात साळुंक्या झाल्या, मग पोपट. ज्यात दरसाल कोणाचे तरी बाळंतपण होते ते मेलेले कसे? गाडी रस्त्यावर लावावी. तुती आपणहून पडेपर्यंत तिला कोणी हात लावू नये.

जाऊबाई माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, पण माझ्याआधी जायला त्यांनी साफ नकार दिला आहे. तरीही तसे झालेच, तर जागा त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला मिळावी. अट तीच.

६. साक्षीदार. हा मजकूर मी जाऊबाईंना वाचून दाखवला. तुतीचे कलम संपताच त्यांनी चष्मा पुसला आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले. वकिलांनी समजावले की ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. जाऊबाईंनी पेन सोडले नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग मला काही देऊ नकोस. सही करू दे."

कलम मी बदललेले नाही. त्यांच्यासाठी अगदी खाली एक वेगळी ओळ राखली आहे. वकील म्हणतात, कायद्याने त्या ओळीला किंमत नाही.

स्थळ : जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : ९ जून

लिहून ठेवणार : (सही) एक्सरेबाई

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) टेकू बसवणारे वेल्डर

वेगळी ओळ :
मी वाचलं. ही म्हणते ते सगळं खरं आहे. फोटो मात्र सहज काढला नव्हता, सकाळपासून टपून बसले होते.
(सही) थोरली जाऊ