वाक्य सिद्ध होईपर्यंत

५ जून २००४. मांडवगण फराटा.
या रोजनिशीत मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: शिस्तबद्ध वाद शिकविल्यास मनुष्य मारामारी करत नाही. प्रसंग आयताच चालून आला. दौंडला कॉम्प्युटर क्लास चालविणारी सुफिया, लिनक्स या मोफत व सर्वांस खुल्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका स्वयंसेवकांकडून लिहून घेऊ इच्छिते. महिनाअखेर ती दिल्यास न्हावऱ्याच्या शाळेची कॉम्प्युटर रूम तिच्याकडे येईल. न दिल्यास पुण्याचा कोणी येईल आणि तिचा क्लासही बुडेल. व्यवस्था तिने माझ्यावर सोपविली. तर्कशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली. यश निश्चित.

६ जून.
पद्धत ठरली. प्रत्येक वाक्यावर पूर्वपक्षाने हल्ला करावा, उत्तरपक्षाने बचाव. टिकेल तेच छापावे. जी सूचना सिद्ध झालेली नाही, तिचे पालन कोणीही करू नये. स्वयंसेवकांपैकी शिरूर तालुक्याचे ते पूर्वपक्ष, नदीपलीकडच्या दौंड तालुक्याचे ते उत्तरपक्ष. सुफिया म्हणाली की आप्पा, नदीच्या पाण्यावरनं ह्यांची आधीच डोकी फुटलीत, मिसळून बसवा की. मी समजाविले की ती भांडणे होती, हा वाद आहे.

१२ जून, दुपार. दौंड.
वाक्य पहिले: 'बटण दाबून कॉम्प्युटर सुरू करावा.' पूर्वपक्षातर्फे न्हावऱ्याचा दूधवाला बन्सी म्हणाला, आन् लाईट नसंल तर? उत्तरपक्षाचा हौसराव कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्ट करतो. तो म्हणाला, लाईट तुमच्याकडं नसती, आमच्याकडं असती. बन्सी म्हणाला की व्हय, आमच्या पाण्याच्या मोटरी बंद पाडून. हौसरावाने त्याच्या कानाखाली वाजविली. बन्सीने त्याचा अंगठा चावला. कीबोर्डवर रक्त.
नोंद: विषयांतर अत्यल्प. 'लाईट असल्यास' हे शब्द जोडून वाक्य संमत.

१३ जून.
ठराव: यापुढे सभेत चावण्यास मनाई.

१९ जून.
बन्सीने एक मुद्दा आणि सहा माणसे आणली. हौसरावाची माणसे नाईट शिफ्ट करून थेट आली होती, डोळे लाल. माउस वायरीला धरून गोफणीसारखा फिरविण्यात आला. एकाचा दात पडला, बन्सीच्या डोक्याला टाके. ठराव मात्र काटेकोर पाळला गेला. कोणीही चावले नाही. 'माउस अलगद हाताळावा' हे वाक्य दातासह सिद्ध.
फरशी पुसता पुसता सुफिया म्हणाली की आप्पा, हात जोडते, मी एकटी लिहिते, ह्यांना घरी घालवा. मी दाखवून दिले की एकट्याने लिहिलेले ते मत असते, ज्ञान नव्हे.

२४ जून.
सुफियाने सगळी पुस्तिका आपल्या मशीनवर लिहून काढल्याचे उघड झाले. शिवाय ती फ्लॉपीवर उतरवून घेण्याच्या बेतात होती! 'लिहिलेले दुसरीकडे उतरवून ठेवावे' हे वाक्य अद्याप असिद्ध आहे. तिची एकमेव कोरी फ्लॉपी मी माझ्या खिशात ठेवली. ती म्हणाली, आप्पा, मशीन गेलं तर माझं सगळंच गेलं. मी म्हटले, तोच 'तर' सिद्ध करावयाचा आहे.

२६ जून. रात्री, घरी.
आज तेच वाक्य. बन्सी म्हणाला, एकदा लिव्हलं ते लिव्हलं, दोनदा कशापायी? हौसराव म्हणाला, तुझं टकुरं एकदाच फुटलंय म्हणून इचारतोस व्हय? खुर्ची उडाली. काच फुटली. बन्सीचे टाके उसवले. मी शांततेचे आवाहन करताच हौसराव माझ्याकडे वळला. म्हणाला, म्हाताऱ्या, तुला पुस्तक नगं, कोंबड्यांची झुंज पायजे.
हा व्यक्तिगत आरोप होता, युक्तिवाद नव्हे. सबब त्यास युक्तिवादाने उत्तर देण्याचे बंधन माझ्यावर नव्हते. मी हातातली काठी त्याच्यावर घातली. हौसराव वाकला. काठी सुफियाच्या मशीनवर बसली, मशीन टेबलावरून फरशीवर. हार्डडिस्क थोडी खरखरली आणि गप्प झाली.
वाक्य त्या क्षणी निर्विवाद सिद्ध झाले. दोन्ही पक्षांत प्रथमच एकमत झाले: बन्सीने माझे हात धरले, हौसरावाने पाय, आणि मला एसटीत बसविले.

३० जून.
शाळेने पुण्याचा माणूस नेमला. दौंडला गेलो, तेव्हा सुफिया क्लासचे शटर ओढत होती. तिने फ्लॉपी मागितली. दिली. ती म्हणाली, आता काय उतरवू आप्पा ह्याच्यावर? प्रश्न तर्कशुद्ध होता.
माझा सिद्धांत अबाधित आहे. तथापि माझ्याकडून एक चूक झाली, ती येथे स्वहस्ते मान्य करतो: हौसराव वाकेल, ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती.

(सही) गणपतराव फराटे
माजी प्राध्यापक, तर्कशास्त्र