प्रोसेसर निवडताना अण्णांनी विचारलेलं

अण्णा, काल आमच्या ऑफिसात नवा कम्प्युटर बसला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होतील, तरी हे सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच. आज मी रजा घेतलीय, बाकी सगळे कामाला गेलेत, चिखलीच्या घरात मी एकटीच आहे, म्हणून लिहायला बसले.

माझं काम तुम्हाला एकदाच नीट सांगितलं होतं. साच्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतल्यावर ते कुठं आधी थिजेल, कुठं पोकळी राहील, हे साचा कापायच्या आधीच कम्प्युटरवर बघायचं. गणित एवढं मोठं की साच्याचे तुकडे पाडून ते पुष्कळ प्रोसेसरांत वाटून द्यावे लागतात. तुम्ही मान डोलावून म्हणाला होतात, "म्हंजे एकाच जॉबवर धा मशिनी लावायच्या." अगदी तेच. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला त्याहून जास्त सांगायची गरजच नव्हती.

तुम्ही जायच्या काही महिने आधी, एका शनिवारी मी तुम्हाला चाकणचं ऑफिस दाखवायला नेलं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात, गेटवरच्या वॉचमनलासुद्धा नमस्कार केलात. माझ्या टेबलावर तेव्हा घ्यायच्या कम्प्युटरची दोन कोटेशनं पडलेली, समोर साहेब आणि कम्प्युटर विकणाऱ्या कंपनीचा माणूस. एकात सगळ्यात वेगवान, सगळ्यात महाग प्रोसेसर. दुसऱ्यात मध्यम वेगाचे, पण मेमरीकडून माहिती यायचे रस्ते दुप्पट. मी महागड्यावर बोट ठेवून बोलतेय, आणि तुम्ही मागून हळूच विचारता, "पोरी, ही मशिन लई पळनार, पर तिला माल कुठनं येनार? आमच्यात शेटनं अशीच एक आनली हुती. मागचं ड्रिलिंग व्हईना, तर ती निस्ती उभी."

विकणारा माणूस हसला. त्याच्यावर चिडायचं सोडून मी तुमच्यावर चिडले. "अण्णा, हे लेथ नाहीये. तुम्ही कँटीनमध्ये बसा, चहा घ्या." तुम्ही "व्हय, व्हय" करत गेलात. तासाभराने मी खाली आले, तर तुम्ही मला बघून खुर्चीतून उठून उभे राहिलात. मुलीसमोर नाही, साहेबासमोर माणूस उठतो तसे. त्यानंतर घरी तुम्ही माझ्या कामाबद्दल काहीच विचारलं नाहीत.

महागडे प्रोसेसर आले आणि तुम्ही म्हणालात तसेच उभे राहिले. त्यांचं गणित चटकन व्हायचं, पण पुढची माहिती मेमरीतून येईपर्यंत सगळे रिकामे. पहिल्या मोठ्या कामाचा निकाल वेळेत मिळाला नाही. साचा अंदाजाने कापावा लागला आणि कास्टिंगचा पहिला अख्खा लॉट पोकळ्या पडून भंगारात गेला. त्या लाइनवरची माणसं दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

या वेळी मी कोटेशन बाजूला ठेवलं. आमचाच एक खराखुरा साचा घेतला आणि विक्रेत्यांकडे जाऊन त्यांच्या मशिनींवर चालवून बघितला. प्रोसेसर किती वेगवान आहे हे न बघता तो किती वेळ ताटकळतो ते बघितलं. मध्यमच घेतले, संख्येने जास्त. काल पहिलं काम टाकलं आणि दुपारच्या जेवणाआधी निकाल हातात आला. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे कसं सुचलं?" माझ्या तोंडून तुमचं नाव निघायला हवं होतं. मी म्हणाले, अनुभवाने.

आई अजून समजते की मला माझी चूक कळायच्या आधीच तुम्ही गेलात, आणि मीही ते तसंच राहू दिलंय. तसं नाहीये, अण्णा. हॉस्पिटलमध्ये त्या शेवटच्या मंगळवारी तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून विचारलंत, "तुजा त्यो कम्प्युटर चालतो का गं नीट?" इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा विचारलंत. आदल्याच दिवशी तो लॉट भंगारात गेला होता. मला सगळं कळलेलं होतं. दोन शब्दच बोलायचे होते, आणि ते ऐकून तुम्ही किती खूश झाला असता.

मी म्हणाले, "एकदम मस्त चालतोय."

तुम्ही म्हणालात, "मग मला काय कळतंय त्यातलं," आणि डोळे मिटलेत.