काचेवरचा लाल दिवा

नचिकेत,

पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची आधीच चाहूल देणारा तुझा तो रडार डिटेक्टर आरशाखाली लावावा की डॅशबोर्डवर, याचे तू शनिवारभर व्हिडिओ बघितलेस. ऑस्ट्रेलियात, निदान आपल्या व्हिक्टोरिया राज्यात, तो गाडीत ठेवणंच गुन्हा आहे, हे मी तीनदा सांगितलं. "कोण बघतंय!" म्हणालास आणि माझ्या गाडीच्या काचेवर चिकटवलास.

आज टार्निट स्टेशनजवळ पोलिसाने मला थांबवलं आणि तो थेट काचेतून आत डोकावला. लायसन्स गेलं तर हॉस्पिटलच्या शिफ्टला मी काय उडत जाऊ? पण काचेवर काहीच नव्हतं! शेजारून तुझ्या आई म्हणाल्या, "तो लाल दिवा शोधतेस का गं? डॅशबोर्डवरच्या बाप्पाच्या तोंडासमोरच लुकलुकत होता मेला. सकाळीच काढून देवघरात ठेवला." नशीब, मराठीत म्हणाल्या. पोलीस "नो वरीज" म्हणत गेला. मी गाडी कडेला घेतली आणि आईंना घट्ट मिठी मारली.

मी शिफ्टवरून यायच्या आत तो डिटेक्टर घरातून गेला पाहिजे. आधी त्याच्यावरचं हळदकुंकू पूस. आणि तो काय होता, हे आईंना तूच सांग, माझ्याने होणार नाही. त्या कौतुकाने म्हणत होत्या, "लेकाने बाप्पाला दिवा आणला, फक्त जागा चुकली."

शिवांगी