‘गंज’च्या ड्रमरची शेवटची वाटणी

मी, ‘गंज’ या बँडची एकेकाळची ड्रमर, आता शिवणकाम शिकवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला तपासले आहे. अक्षर हलले आहे ते आजाराने नव्हे, गेल्या रविवारी जे ऐकले त्याने.

‘गंज’मध्ये आम्ही तिघे. गाणारा माझा मोठा भाऊ, गिटारवर आमचा सायकल दुरुस्तीवाला मित्र, ज्याला सगळे खिळा म्हणत, आणि मी. लॉन्ड्रीच्या तळघरात वाजवायचो. वर मशिनांची घरघर, त्यामुळे आवाज रस्त्यावर जात नसे. सरकारविरुद्ध गाण्यावर तेव्हा बंदी होती, आणि दादाला दुसरे काही सुचत नसे. एक हिवाळा टिकलो. मग एका कार्यक्रमात पोलीस जिना उतरून आले आणि चालू गाण्यातून दादाला घेऊन गेले. तो परत आला नाही. प्रेतही मिळाले नाही.

खिळा त्या दिवशी उशिरा पोचला, म्हणून चुगली त्यानेच केली असे गल्लीने धरले. त्याचे दुकान बसले, तो गाव सोडून गेला.

रविवारी जेवताना मामा, ज्यांना आई गेल्यापासून मी सांभाळते, सहज म्हणाले, “पोलिसांना मीच सांगितलं होतं. वाटलं, दोन थोबाडीत देतील, पोरगा सुधारेल. पाणी दे जरा.”

मी पाणी दिले. कसे दिले, अजून कळत नाही.

सबब, घर मामांच्या नावे करणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द. घर, फाटक्या कातड्याचा ड्रम आणि आमची एकुलती एक कॅसेट खिळ्याला. त्याला शोधून फोन केला आणि सगळे सांगितले. तो म्हणाला, “नवं गाणं म्हणणार होता दादा. म्हटलं का?”

“अर्धं,” मी म्हणाले.

शिलाई मशिन माझ्या सर्वांत आळशी विद्यार्थिनीला. बाकीच्या स्वतःचे घेतील.

मामांना हयातभर मागची खोली व दोन वेळचे जेवण. त्यांना बाहेर काढणार होते, पण आईचा चेहरा आडवा आला. खिळ्याला ही अट मान्य आहे. का, ते विचारायचा धीर झाला नाही.

हे सर्व मामांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “मागच्या खोलीत ऊन येत नाही गं. पुढची लिही ना.”

मागचीच लिहिली आहे.

आम्हा दोघांसमोर तिने वाचून सही केली:
१. तपासणारे डॉक्टर (सही)
२. लॉन्ड्रीवाल्या काकू (अंगठा)

लिहून ठेवणारी: दादाची बहीण (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी