मेमोरियल पार्कमधले खड्डे आणि मिसेस टिंडल

३ मार्च, सोमवार
जमिनीत पुरलेल्या जुन्या वस्तू मेटल डिटेक्टरने शोधणाऱ्या आमच्या क्लबातून मला काढून टाकलं. कारण काय, तर मेमोरियल पार्कमध्ये परवानगी न घेता खणलं. ठराव सेक्रेटरी मिसेस टिंडल यांचा. हात सगळ्यांचे वर. मी विचारलं, पार्क सार्वजनिक, मी जनता, मग परवानगी कोणाची घ्यायची? त्या म्हणाल्या, "मिस्टर ऑटवे, सार्वजनिक म्हणजे बिनमालकाचं नव्हे. पार्क नगरपालिकेचा आहे." जणू मी त्यांच्या दिवाणखान्यात खुरपं घातलं होतं.
संकल्प : सूड. डोकं शांत ठेवून.

४ मार्च, संध्याकाळ
कायद्याचा अभ्यास सुरू. पबमधला नॉर्मन म्हणतो, वीतभर खोलीपर्यंत खणलं तर कायदा त्याला खणणं म्हणतच नाही. आणि बारा वर्षं कोणी न मागितलेली वस्तू ज्याला सापडेल त्याची. त्याचा मेहुणा कोर्टात शिपाई होता, म्हणजे माहिती खात्रीची. सगळं वहीत उतरवून घेतलं.
डॉरीन म्हणाली, "अरे, नॉर्मनला स्वतःचं गाडीचं लायसन्स टिकवता आलं नाही." बायकोला कायद्यातलं कळत नाही. वीस वर्षं वकिलाकडे टायपिंग करत होती, पण टायपिंग वेगळं.

९ मार्च, रविवार
कोंडीत पकडलं टिंडलबाईला. फेब्रुवारीत तिला एका शेतात चांदीची जुनी नाणी सापडली, क्लबात मिरवली होती. असा खजिना चौदा दिवसांत सरकारला कळवावा लागतो. हिने कळवलेला नाही. पुरावा : तिचा चेहरा.
पोलिसांना चार पानी तक्रार लिहिली. मी या विषयातला जाणकार आहे हे त्यांना कळावं म्हणून चार वर्षांपूर्वी पार्कात सापडलेल्या माझ्या चांदीच्या ब्रोचचाही उल्लेख केला. तो घरातल्या शेकोटीवरच्या फळीवर आहे आणि मी त्याचा कधी गाजावाजा केलेला नाही, हेही लिहिलं.
डॉरीनने दोन पानं वाचली. म्हणाली, "क्लिफर्ड, ही तक्रार तिच्याविरुद्ध आहे की तुझ्या?"
उरलेली दोन वाचायच्या आत पोस्टाच्या पेटीत टाकून आलो.

१४ मार्च, सकाळी ११
कॉन्स्टेबल प्रिचर्ड आले. माझी साक्ष घ्यायला. चहा केला, पाहुण्यांची बिस्किटं काढली.
मिसेस टिंडल यांनी नाणी तिसऱ्याच दिवशी म्युझियममार्फत कळवली होती. पावतीसकट. बाई किती धूर्त आहे ते यावरून दिसतं.
मग प्रिचर्ड यांनी विचारलं, शेकोटीवरची फळी कुठली? मी नॉर्मनचे दोन्ही नियम वाचून दाखवले. त्यांनी अगदी लक्ष देऊन लिहून घेतले. नॉर्मनचं आडनावही विचारलं. जाताना ब्रोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. बिस्किटं चार खाल्ली.

१७ मार्च
झोप नाही. ब्रोच तपासणीला गेलाय. हजार वर्षांचा निघाला तर मी गुन्हेगार. पण शोध माझ्या नावावर. टिंडलबाईला फक्त नाणी सापडली, नाणी कोणालाही सापडतात. ती माझी बातमी पेपरात वाचतेय, असं डोळ्यासमोर आणलं. जरा बरं वाटलं.
पायजमे बॅगेत भरले. डॉरीनने विचारलं, तुरुंगात डिटेक्टर नेऊ देतात का.

२ एप्रिल, बुधवार
म्युझियमचं पत्र. ब्रोच चांदीचा नाही. साधारण पन्नास वर्षांपूर्वीचा, बहुधा रेनकोटच्या पट्ट्याचं बक्कल. खजिना नाही, त्यामुळे पोलिसांना त्यात रस उरलेला नाही. बक्कल परत पाठवलंय.
नगरपालिकेचंही पत्र. पार्कात पुन्हा खुरपं दिसलं तर कोर्टात खेचू. या खेपेला स्वतः खड्डे बुजवले तर प्रकरण मिटवू. मिसेस टिंडल यांनी रदबदली केली म्हणून ही सवलत.
ही रदबदली मी तिला कधीही माफ करणार नाही.

५ एप्रिल, शनिवार
खड्डे बुजवले. देखरेखीला मिसेस टिंडलच. मी म्हटलं, अकरा असतील. त्यांनी चौतीस मोजून दाखवले. एकात तळं झालं होतं.
तक्रारीचं त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "चार पानं म्हणे. प्रिचर्ड म्हणत होते, तुमचं अक्षर छान आहे." मी माती दाबत राहिलो. सव्विसाव्या खड्ड्याशी त्यांनी थर्मासमधला चहा दिला. माझ्यासाठी वेगळा कप आणला होता.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, शेताची परवानगी मिळवायची कशी.
"मालकाला विचारायचं. हो म्हणाला तर कागदावर घ्यायचं. नाही म्हणाला तर घरी जायचं."
"एवढंच?"
"एवढंच."
उद्या क्लब शेतावर जाणार आहे. बाकीच्यांमागून खड्डे बुजवत जायला माणूस हवाय, डिटेक्टर आणायचा नाही. यायचं का, त्यांनी विचारलं. शत्रूच्या गोटात शिरायची अशी संधी पुन्हा येणार नाही, म्हणून हो म्हटलं. डॉरीनलाही तसंच सांगितलं. तिने माझे बूट पुसून दाराशी ठेवले.
नऊला बोलावलंय. मी साडेआठला जाणार.